जे दिसते, ते का दिसते?

प्रस्तावना

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी फिरत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ‘मुले पळवणारी टोळी’ समजून मारले. पाचही जण गेले. आदल्याच महिन्यात आमच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात, चोर समजून झालेल्या मारहाणीत दोघांचा बळी गेला होता. त्या दिवसांत खेडोपाडी फोनवरून एकच धास्ती फिरत होती: टोळी आली आहे, पोरे सांभाळा.

अशा घटनेचा तपास होतो, खटला चालतो. न्यायालय मारणाऱ्याला शोधते. ती धास्ती किती फोनवर, किती तासांत आणि कोणत्या वाटेने पोहोचली, तिचा वेग कुठे कमी करता आला असता, हे शोधणे न्यायालयाचे काम नसते. ते काम अंगावर घेणारी एक अभ्यासशाखा गेल्या दहा-पंधरा वर्षांत आकाराला आली आहे. संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र, भाषाविज्ञान आणि कायदा या सगळ्यांचे थोडे थोडे तिच्यात आहे. अल्गोरिदमची पारदर्शकता आणि ऑनलाइन सुरक्षितता ही तिची दोन अंगे. तिचा मराठीतून परिचय व्हावा म्हणून हे पुस्तक सिद्ध केले आहे. या शाखेत पाऊल टाकू पाहणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करते.

मी डेटा सायंटिस्ट आहे, दौलताबादेत राहते आणि याच विषयात काम करते. या कामातून माझी जी ठाम समजूत झाली आहे ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची प्रकरणे कोणत्या भूमिकेतून निवडली ते कळेल. एखादा प्लॅटफॉर्म सुरक्षित आहे हा दावा बाहेरच्या माणसाला मोजून पाहता आला पाहिजे. आणि मोजणाऱ्यांमध्ये ज्यांच्या भाषेत तो मजकूर फिरतो ती माणसे असली पाहिजेत. यातले एक जरी नसले, तरी सुरक्षितता म्हणजे कंपनीने दिलेला आणि आपण ऐकून घेतलेला शब्द एवढेच उरते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. २०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असाच तो होता. प्रत्यक्षात तो कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी बनवलेला होता. मूळ व्हिडिओच्या शेवटी तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणही पुरतो. फिरत्या व्हिडिओतून नेमका हा शेवट कापलेला होता. दिसत होते त्यातला एकही क्षण संगणकावर रचलेला नव्हता. कापलेल्या काही सेकंदांनी इशाऱ्याचा पुरावा केला.

अभ्यासकासाठी यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवायला शिकणे हा या शाखेचा पहिला धडा. पहिला मजकुराचा: हे खरे आहे का, आणि मूळ कुठले? दुसरा प्रसाराचा: हे कसे, किती वेगाने पसरले? तिसरा रचनेचा: पसरणे इतके सोपे का होते? फॅक्ट चेक करणारे पत्रकार पहिल्या प्रश्नावर झुंजतात. आपला भर दुसऱ्या-तिसऱ्यावर आहे.

रचना बदलली की काय होते ते त्याच वर्षी दिसले. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेला, दोन बाणांची खूण असलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. या शेवटच्या बदलानंतर अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. आकडा मोठा आहे. पण तो कंपनीचा आहे. घटलेल्यांत अफवा किती आणि लग्नपत्रिका किती, हे त्यावरून कळत नाही. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक ग्रुपांचा डेटा घेऊन स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा असे दिसले की मर्यादेमुळे प्रसार बराच मंदावतो, पण फार झपाट्याने पसरणारा मजकूर तेवढ्याने अडत नाही. एकाच प्रकारच्या उपायाबद्दलचे हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचायची सवय या पुस्तकाने लागली, तर पुस्तकाचे निम्मे काम झाले.

व्हॉट्सॲपवर निदान कोणाला पाठवायचे हे माणूस ठरवतो. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स यांच्या फीडमध्ये पुढची पोस्ट कोणती, हे यंत्र ठरवते. हे यंत्र गूढ नाही. आधी लाखो पोस्टमधून काही शे-हजार निवडल्या जातात. मग त्या प्रत्येकीबद्दल अंदाज बांधला जातो: हा माणूस हिला लाइक करील का, उत्तर देईल का, पूर्ण पाहील का, तक्रार करील का? प्रत्येक शक्यतेला ठरावीक भार देऊन बेरीज केली जाते आणि त्या बेरजेप्रमाणे क्रम लागतो. ट्विटरने (आताच्या एक्सने) ३१ मार्च २०२३ रोजी आपल्या शिफारस यंत्रणेचा बराचसा कोड खुला केला आणि पाठोपाठ हे भारही समोर आले. लाइकच्या शक्यतेला ०.५, रीट्वीटला १, उत्तराला १३.५, लेखकाने ज्याला प्रतिसाद दिला अशा उत्तराला ७५, आणि तक्रारीला उणे ३६९. म्हणजे उत्तर येण्याच्या शक्यतेला लाइकच्या सत्तावीसपट वजन. उत्तर कौतुकाचे आहे की शिवीगाळीचे, हे त्या भाराला कळत नाही. वाद पेटवणारी पोस्ट वर येण्याची सोय अशी एका आकड्यात बसू शकते, आणि तिच्यासाठी कोणाच्या मनात पाप असण्याचीही गरज नसते.

इथेच पारदर्शकतेचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. भार कळले, पण ज्या मॉडेलने शक्यता वर्तवल्या ते मॉडेल आणि ज्या डेटावर ते शिकले तो डेटा बाहेर आला नाही. शिवाय भार केव्हाही बदलता येतात. फेसबुकने २०१७ मध्ये संतापाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिले होते आणि २०२० मध्ये ते शून्यावर आणले, हे जगाला २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळले. तेव्हा कोड दाखवला म्हणजे पारदर्शकता झाली असे नाही. निर्णय कोणी, कशासाठी आणि केव्हा बदलला, त्याचा परिणाम कोणावर झाला, हे तपासता येणे म्हणजे पारदर्शकता.

याची गरज दौलताबादेत बसून फार जवळून जाणवते. इथून घाट चढला की खुलताबाद. मार्च २०२५ मध्ये तिथल्या औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वातावरण तापले आणि १७ मार्चला शेकडो किलोमीटर दूर नागपुरात हिंसाचार झाला. त्यात सोशल मीडियावरून पसरलेल्या अफवांचा वाटा होता. महाराष्ट्र सायबर विभागाने १४० हून अधिक आक्षेपार्ह पोस्ट आणि व्हिडिओ शोधून ते हटवण्यासाठी नोटिसा काढल्या. प्रशासनाला त्या घडीला ते करणे भाग असते. अभ्यासकाला पुढचे प्रश्न पडतात. या पोस्ट हिंसाचाराच्या आधी किती जणांनी पाहिल्या आणि नंतर किती जणांनी? पाहणाऱ्यांपैकी किती जण त्या खात्यांना आधीपासून फॉलो करत होते आणि किती जणांच्या पुढ्यात त्या यंत्राने आणून ठेवल्या? हटवायला किती वेळ लागला, आणि तोवर त्यांच्या किती नकला झाल्या? ही माहिती प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर असते. ती मिळाली तर पुढच्या वेळी कोणते पाऊल किती उपयोगी पडेल हे सांगता येईल. ती नसली की हाताशी उरतात ढोबळ उपाय. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव झाला तेव्हा इंटरनेट बंद करण्यात आले. अफवेबरोबर दवाखान्याची, बँकेची, घरच्यांची खबरही अशा वेळी थांबते.

माहिती अजिबात मिळत नाही असेही नाही. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मना दरमहा अहवाल द्यावा लागतो. व्हॉट्सॲपच्या पहिल्याच अहवालात १५ मे ते १५ जून २०२१ या काळात भारतातली सुमारे २० लाख खाती बंद केल्याची नोंद होती; त्याच काळात आलेल्या तक्रारी होत्या ३४५. हे अहवाल जरूर वाचावेत, पण कसे वाचायचे ते शिकून. त्यांत मराठीचा वेगळा हिशेब सापडत नाही, जिल्ह्याचा तर नाहीच. ‘आम्ही हटवलेल्या मजकुरापैकी इतके टक्के तक्रार येण्याआधीच आम्ही स्वतः शोधला’ असे एक वाक्य अनेक कंपन्यांच्या अहवालांत असते. शेतातून शंभर तणे उपटली, त्यांतली सत्त्याण्णव मला दिसली आणि तीन शेजाऱ्याने दाखवली, असे कोणी सांगितले तर शेतात अजून किती तण उभे आहे ते कळते का? छेद कोणता घेतला आहे, हा प्रश्न प्रत्येक टक्केवारीला विचारायचा. संख्याशास्त्राचे दुसरे प्रकरण पूर्णपणे याच प्रश्नाभोवती रचले आहे.

उभे तण मोजायचे तर मराठी यावे लागते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. तरीही मराठी मजकुरावर शिकवलेली मॉडेले इंग्रजीच्या मानाने फार उशिरा आली. २०२१ मध्ये मराठीतल्या आक्षेपार्ह भाषेचा ‘मोल्ड’ हा डेटासेट प्रसिद्ध झाला. २०२२ मध्ये पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने ‘महाहेट’ आणला: २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीट, माणसांनी वाचून द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, अश्लील आणि यांपैकी काही नाही अशा चार वर्गांत वाटलेले. हे काम पायाभूत आहे आणि या पुस्तकातले बरेचसे सराव त्याच्यावर बेतले आहेत.

पण पायाच्या वर अजून खूप बांधायचे आहे. कोल्हापूरकडच्या पोराने मित्राच्या फोटोखाली ‘जाळ अन् धूर संगटच’ लिहिले तर ती दाद असते. फलंदाजाने गोलंदाजाला ‘फोडून काढला’ तर कोणाचे डोके फुटलेले नसते. उलट ‘एकदा चौदावे रत्न दाखवायला पाहिजे’, ‘घर कुठे आहे ते माहीत आहे’, ‘सत्काराची तयारी ठेवा’ या वाक्यांत एकही शिवी नाही. एखाद्या महिला सरपंचाच्या किंवा पत्रकाराच्या पोस्टखाली ती आली तर तिला रात्रभर झोप लागणार नाही. शब्दांची यादी घेऊन बसलेले यंत्र पहिल्या दोघांना पकडते आणि दुसऱ्या तिघांना सोडते. त्यात भर म्हणजे बरीचशी मराठी रोमन लिपीत, ज्याच्या त्याच्या स्पेलिंगने लिहिली जाते, आणि देवनागरीत लिहिलेली कधी हिंदी समजली जाते. भाषेगणिक पडणारा हा फरक इतरत्र मोजला गेला आहे. मोझिला फाउंडेशनने २०२१ मध्ये ३७ हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने यूट्यूबचा अभ्यास केला, तेव्हा पाहिल्याचा पश्चात्ताप झाला अशा व्हिडिओंचे प्रमाण इंग्रजी मुख्य भाषा नसलेल्या देशांत ६० टक्के जास्त निघाले.

अचूकतेच्या आकड्याने इथे फसू नये. समजा हजार प्रतिक्रियांत वीस धमकीच्या आहेत. सगळ्याच निर्धोक आहेत असे ठोकून सांगणारे यंत्र ९८ टक्के अचूक ठरते आणि धमकी एकही पकडत नाही. म्हणून वीसपैकी किती सापडल्या आणि पकडलेल्यांपैकी किती खरोखर धमक्या होत्या, हे दोन आकडे वेगवेगळे मागायचे. एक वाढवला की दुसरा बहुधा घटतो. त्यांचा मेळ कुठे घालायचा, हा निर्णय गणिताचा नाही, मूल्यांचा आहे. तो उघडपणे, कारणासह घेतला जावा एवढीच आपली मागणी.

मागणीला कायद्याचा आधार लागतो. युरोपीय संघाच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टने साडेचार कोटींहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मना आपल्यामुळे उद्भवणाऱ्या धोक्यांचे मूल्यमापन करणे, शिफारशींचे मुख्य निकष सांगणे आणि पात्र संशोधकांना डेटा देणे बंधनकारक केले. त्याची तांत्रिक बाजू सांभाळायला एप्रिल २०२३ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथे अल्गोरिदम पारदर्शकतेचे युरोपीय केंद्र सुरू झाले. त्याच्या कामात डेटा सायंटिस्टही आहेत. आपल्याकडे संशोधकाला असा हक्क अजून नाही. उलट मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये सार्वजनिक पोस्टचा प्रसार पाहण्याचे क्राउडटँगल हे साधन बंद केल्यावर जगभरच्या अभ्यासकांच्या हातची एक खिडकी मिटली. तरी वाटा आहेत: चाचणीसाठी उघडलेली खाती, लोकांनी संमतीने दिलेला स्वतःच्या फीडचा डेटा, सार्वजनिक ग्रुपांचा अभ्यास. किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी २०२० मध्ये भारतातल्या राजकीय व्हॉट्सॲप ग्रुपांतल्या चित्रांचा अभ्यास यांपैकी शेवटच्या वाटेने केला. तपासलेल्या चित्रांपैकी सुमारे १३ टक्के खोटी माहिती देणारी निघाली. या तिन्ही वाटांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत.

महाराष्ट्राने या विषयाची दुसरी बाजूही सोसली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका साध्या मतासाठी अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. सरकारी कामकाजाबद्दलची खोटी माहिती ठरवणारे केंद्राचे फॅक्ट चेक युनिट, सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने घटनाबाह्य ठरले. सुरक्षिततेच्या नावाने बोलणाऱ्याचे तोंड बंद होऊ शकते, हे या कामात शिरणाऱ्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

मग पारदर्शकता कोणाची आणि गोपनीयता कोणाची? या दोहोंना एकत्र नांदवण्याची शिकवण आपल्या मातीत आहे. देवगिरीवर, म्हणजे याच दौलताबादेत, यादवांचे राज्य असतानाच म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या लीळा गोळा केल्या. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन विचारले, ताडून घेतले. पुढच्या महानुभावांनी पाठभेद झाकले नाहीत. कोणाच्या परंपरेत काय आहे, ते नावासह नोंदवले. आणि त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. कोणते विधान कुठून आले हे उघड असावे, आणि समाजाला स्वतःचे काही जपण्याचा अधिकारही असावा. याचे आजचे उदाहरण घ्यायचे तर, व्हॉट्सॲपवरची फॉरवर्डची मोजणीसुद्धा संदेशाबरोबर एन्क्रिप्ट होऊनच जाते. संदेश न वाचता त्याचा वेग कमी करता येतो. सत्ता ज्याच्या हाती, त्याचे निर्णय पारदर्शक असावेत. सामान्य माणसाचे बोलणे त्याचेच राहावे. या पुस्तकातल्या सर्व लेखकांनी हे सूत्र मानले आहे.

वाचकांना काही सूचना. प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कायद्याच्या भागापासून सुरुवात करावी, पत्रकारांनी आणि वकिलांनी संख्याशास्त्रापासून. जे अंगवळणी नाही ते आधी घ्यावे. मजकुराला लेबल देण्याचा सराव एकट्याने करू नये. निदान तिघांनी स्वतंत्रपणे लेबल द्यावे आणि जिथे मतभेद होतील तिथे थांबून चर्चा करावी. त्यातला एक विदर्भाचा, एक कोकणचा असेल तर फारच चांगले. त्रासदायक मजकूर तासन्‌तास वाचल्याने मनावर ताण येतो. वेळेची मर्यादा पाळावी, पाळीपाळीने काम करावे, आणि झोप उडू लागली तर ते बोलून दाखवावे. सरावासाठी कोणाचेही नाव, क्रमांक किंवा खासगी ग्रुपातला संदेश वापरू नये. आर्थिक फसवणूक समोर आली तर अभ्यास बाजूला ठेवून आधी १९३० या हेल्पलाइनवर कळवावे.

हे क्षेत्र तरुण आहे, म्हणून इथे नव्याने येणाऱ्याला करण्यासारखे खरोखर शिल्लक आहे. मराठवाड्यातल्या बोलींतल्या धमकीच्या वाक्यांचा नीट लेबल दिलेला संग्रह हवा आहे. मराठीत फिरणाऱ्या अफवांचा तारीखवार कोश हवा आहे. कंपन्यांच्या मासिक अहवालांची दरमहा मराठीतून चिकित्सा करणारा एखादा गट हवा आहे. यातल्या कोणत्याही कामाला मोठी प्रयोगशाळा लागत नाही; चिकाटी, चार सहकारी आणि आपल्या भाषेचा कान लागतो. विद्यापीठातल्या, महाविद्यालयांतल्या, वृत्तपत्रांतल्या ज्या वाचकांना यातले एखादे काम आपले वाटेल, त्यांनी ते हाती घ्यावे आणि या पुस्तकात जिथे चुकले, अपुरे पडले तिथे पुढच्या आवृत्तीसाठी दुरुस्ती कळवावी. 

दौलताबाद, छत्रपती संभाजीनगर